दुसरी पंगत

लग्नकार्यात दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्या माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात. वरणात पाणी वाढलेलं असणार, मठ्ठा तळाशी गेलेला असणार आणि वाढपी पहिल्या पंगतीतच दमलेले असणार. कधीकधी मात्र उलटंही होतं. तोवर आचाऱ्याचा हात बसलेला असतो, मसालेभात छान मुरलेला असतो, यजमानांची धावपळ संपून ते आग्रह करायला मोकळे झालेले असतात. पान वाढून होईपर्यंत आपल्या नशिबात यातलं काय आहे ते समजत नाही.

मालिकांच्या दुसऱ्या पर्वाचं अगदी असंच असतं. आणि जपानी अॅनिमे मालिकांचं तर फारच. म्हणून 'डिलिशस इन डंजन'चं दुसरं पर्व येणार म्हटल्यावर मला आनंद झाला तसाच पोटात गोळाही आला. घोषणा झाली ती जून २०२४ मध्ये, पहिल्या पर्वाचा चोविसावा, शेवटचा भाग दाखवला तेव्हाच. तेव्हापासून मी मनातल्या मनात या पर्वाचं ताट वाढतोय. आज ते जरा लिहूनच काढतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (पहिल्या पर्वातल्या गोष्टी पुढे उघड होणार आहेत, तेव्हा पाहायची असेल तर इथेच थांबा आणि पाहून या. मी कुठे जात नाही :-) ) मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, र्योको कुई या लेखिका-चित्रकर्तीची. 'हार्ता' नावाच्या मासिकात ती २०१४ ते २०२३ या काळात आली. एकूण ९७ प्रकरणं, १४ खंड. जपानी नाव 'डंजन मेशी'. यातल्या 'मेशी'ची गंमत अशी की त्याचा अर्थ शिजवलेला भातही होतो आणि जेवणही होतो. आपल्याकडे कोकणातल्या माणसाला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गोष्ट अशी. एका बेटाखाली अनेक मजल्यांचं प्रचंड भुयार आहे. त्यात राक्षसी प्राणी, जादू, खजिना असं सगळं. लायोस आणि त्याची मंडळी तिथे उतरलेली असतात आणि एका लाल ड्रॅगनपुढे हरतात. लायोसची बहीण फॅलिन जादूने बाकीच्यांना बाहेर पाठवते आणि स्वतः ड्रॅगनच्या पोटात जाते. या भुयारात मेलेल्या माणसाला परत जिवंत करता येतं, पण त्यासाठी शरीर शिल्लक लागतं. म्हणजे ड्रॅगनला ती पचायच्या आत पोचायला हवं. हाताशी पैसा नाही, शिधा नाही, दोन सोबती सोडून गेलेले. तेव्हा लायोस सुचवतो की वाटेत भेटतील ते प्राणी मारून खात खात जाऊ. त्याला हे अडचणीपोटी सुचलेलं नाही, त्याला ते पहिल्यापासून खाऊन बघायचेच असतात, ही त्यातली खरी मेख! मग सेन्शी नावाचा एक दाढीवाला बुटका आचारी भेटतो. हा गेली दहाहून जास्त वर्षं भुयारातच राहून हेच सगळं रांधून खातोय. पहिल्याच भागात चालता मश्रूम आणि महाकाय विंचू घालून रस्सा होतो. मार्सिल ही जादूगार बाई नाक मुरडते, चिलचक हा कुलपं उघडणारा छोटा माणूस कुरकुरतो, आणि शेवटी दोघंही वाडगा पुढे करतात.

इथपर्यंत वाचून हा पाककृतींचा विनोदी कार्यक्रम आहे असं वाटेल. मलाही पहिले चार-पाच भाग तसंच वाटत होतं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पण हळूहळू लक्षात येतं की बाई फार गंभीर काहीतरी सांगतायत. सेन्शी दगडमातीच्या चालत्या पुतळ्यांच्या पाठीवर भाजी लावतो. भुयारातले संडास साफ ठेवतो, त्याचं खत करतो. एखादा प्राणी किती मारायचा याचाही त्याचा हिशेब आहे, कारण एक संपला तर त्याला खाणारा दुसरा उपाशी मरेल आणि ज्याला तो खात होता तो माजेल. भुयार हे एक शेतच आहे, आणि खाणारा माणूस त्या शेताच्या बाहेर उभा नाही. आज तू खातोयस, उद्या तुला कोणीतरी खाईल. ही गोष्ट उपदेश न करता, कढईत तेल तापत असताना सांगितली जाते.

तर दुसऱ्या पर्वाकडून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी अपेक्षा हीच आहे. स्वयंपाक टाळू नका.

हे सांगायची वेळ का यावी? कारण पहिल्या पर्वाच्या शेवटी गोष्ट काळोखात शिरलेली आहे. ड्रॅगन मारला, पण फॅलिनची फक्त हाडं मिळाली, तीसुद्धा ड्रॅगनने गिळलेल्या लांडग्यांच्या हाडांत मिसळलेली. ही मंडळी ती हाडं वेचून वेचून वेगळी करतात, सांगाडा जुळवतात, आणि मार्सिल ड्रॅगनचंच रक्तमांस वापरून, निषिद्ध अशी प्राचीन जादू करून तिला परत आणते. त्याची किंमत लगेच वसूल होते. भुयाराचा वेडा जादूगार फॅलिनला आपल्या ताब्यात घेतो आणि तिचं अर्ध्या ड्रॅगनचं, पिसांचं, भयंकर असं रूप होतं. जुना सोबती शुरो भेटतो, तर त्याच्या माणसांवर हीच फॅलिन तुटून पडते. आता तिला सोडवायची योजना काय, तर तिच्यातला ड्रॅगनचा भाग खाऊन संपवायचा! म्हणजे एका बाजूला बहिणीचा जीव, दुसऱ्या बाजूला वेडा जादूगार, तिसरीकडून या सगळ्यात लक्ष घालणारे बाहेरचे लोक. एवढी भांडणं एकत्र आली की कोणत्याही दिग्दर्शकाला वाटणार, आता कांदा चिरत बसायला वेळ कुठे आहे? लढाई दाखवा, जादू दाखवा, भाजी पुढच्या भागात बघू.

मला नेमकी याचीच भीती वाटते. मालिका लोकप्रिय झाली की 'मुख्य कथानक' नावाचा एक प्राणी तिच्या मानगुटीवर बसतो. मग त्या कथानकाला पुढे न नेणारं सगळं 'भरताड' ठरतं. पाहणारेही तसेच तयार होतात. हा भाग टाळला तरी चालेल, तो भाग बघाच, अशा याद्या हातोहात फिरतात. पण 'डिलिशस इन डंजन'मध्ये जेवण हेच मुख्य कथानक आहे. ते कापलं तर उरेल ती तलवारी आणि जादूगारांची एक बरी मालिका. तशा पन्नास आहेत.

पहिल्या पर्वातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण बघा. सेन्शी तरुण असताना त्याच्या टोळीसोबत भुयारात अडकला होता. अन्न संपलं, एकेक माणूस कमी होत गेला. शेवटी उरलेल्या साथीदाराने त्याला एका रश्श्याचा वाडगा दिला आणि हे मांस ग्रिफिन या प्राण्याचं आहे असं सांगितलं. सेन्शीने ते खाल्लं आणि तो जगला. पण चव आणि शंका दोन्ही तोंडात राहिल्या. ते खरंच ग्रिफिनचं होतं, की मेलेल्या सोबत्याचं? त्यानंतर इतकी वर्षं या माणसाने दुनियेतले सगळे प्राणी शिजवले, पण ग्रिफिन चाखायची हिंमत काही झाली नाही. मग ती वेळ येते. ग्रिफिनचं मांस शिजतं, तो चाखतो, आणि ही ती चव नव्हे! आता? आता त्याच्यासाठी सगळं संपल्यासारखं असतं. पण लायोस हट्टाने विचार करत राहतो, प्राण्यांबद्दलचं आपलं सगळं वेड पणाला लावतो आणि दाखवून देतो की तो प्राणी ग्रिफिन नसून त्याच्यासारखाच दिसणारा हिप्पोग्रिफ असणार. तो रस्सा होतो आणि सेन्शी रडतो.

या प्रसंगात तलवार कुठेच नाही. एका म्हाताऱ्या आचाऱ्याचं आयुष्यभराचं ओझं एका वाडग्याने उतरतं. पण तो वाडगा आपल्यापर्यंत पोचतो, कारण त्याआधी वीसेक भाग आपण या लोकांसोबत शंभर वेळा जेवलेलो असतो. सेन्शीला अन्नाबद्दल काय वाटतं हे आपल्याला मुरवून मुरवून सांगितलेलं असतं. ही मुरण्याची जागा काढून घेतली तर दुसऱ्या पर्वातला एकही मोठा प्रसंग लागू पडणार नाही. पहिल्या पर्वातलं 'भरताड' म्हणजे दुसऱ्या पर्वाची ठेव आहे.

आता थोडं स्वतःबद्दल. ही मालिका माझ्या इतकी आत का गेली याचं कारण मला बरंच नंतर सापडलं. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात करून आणतात. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी तो आणला होता. कोणालाच भूक नव्हती. काकूंनी काही समजूत वगैरे घातली नाही, फक्त आईच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, दोन घास खा. आता तुम्हालाच उभं राहायचंय." आईने खाल्लं. आम्ही खाल्लं. गेलेल्या माणसाशी आपण काहीतरी बेइमानी करतोय असं पहिल्या घासाला वाटलं आणि तिसऱ्या घासाला भूक लागली असल्याचं कळलं. त्या तिसऱ्या घासाची लाज मला कितीतरी वर्षं पुरली. लायोसची मंडळी बहिणीच्या सुटकेला निघालेली असतानाही वाटेत बसतात, भांडतात, मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतात, पोटभर जेवतात आणि मग उठून चालू लागतात. ते पाहताना मला वाटलं, अरे, यात लाज कसली? जेवल्याशिवाय कोणाला वाचवता येत नाही, आणि कोणाला निरोपही देता येत नाही. ही गोष्ट मला कोणा बुवा-महाराजांनी नाही, एका जपानी कार्टूनने सांगितली.

म्हणून दुसऱ्या पर्वात जेवणं कमी झाली तर मला फक्त चुकल्यासारखं वाटणार नाही. गोष्ट जे सांगायला निघाली होती तेच सांगायचं राहिलं असं वाटेल.

दुसरी अपेक्षा वेगाबद्दल. यात थोडा हिशेब करू. पहिल्या पर्वाने चोवीस भागांत साधारण ५२व्या प्रकरणापर्यंत मजल मारली, म्हणजे भागाला दोन प्रकरणांहून किंचित जास्त. उरली पंचेचाळीसच्या आसपास. त्याच चालीने गेलं तर एकवीसेक भागांत गोष्ट निवांत संपते. म्हणजे सरळ आहे, पुन्हा चोवीसेक भाग द्या आणि धावू नका. मूळ मांगा सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि मालिका सुरू झाली जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे शेवट अजून लिहायचाय ही नेहमीची सबबही नाही. ही सबब किती महाग पडते ते 'फुलमेटल अल्केमिस्ट'वाल्यांना विचारा. २००३ची मालिका मांगाच्या पुढे निघून गेली, तिला स्वतःचा शेवट रचावा लागला, आणि २००९ मध्ये 'ब्रदरहुड' या नावाने पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागली. (पहिलीचेही चाहते आहेत, माझ्यावर धावून येऊ नका.)

पण गोष्ट पूर्ण तयार असूनही पंगत फसते याचं उदाहरणही समोर आहे. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चं पहिलं पर्व २०१९चं. अनाथाश्रमातल्या मुलांची ती थरारक गोष्ट ज्याने पाहिली तो दुसऱ्या पर्वाची वाट पाहत बसला. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा मांगा पूर्ण झालेली होती. तरी मधला एक मोठा, चाहत्यांचा लाडका टप्पा पूर्ण वगळला, अकरा भागांत सगळं आवरलं, आणि शेवटी तर पुढची कितीतरी वर्षांची कथा स्थिर चित्रांच्या मालिकेत उरकून टाकली. भूक लागलेल्या माणसाला मेनूकार्ड वाचून दाखवल्यासारखं झालं ते.

'वन पंच मॅन'ची तऱ्हा वेगळी. पहिलं पर्व २०१५ मध्ये मॅडहाउस स्टुडिओने केलं, दुसरं २०१९ मध्ये जे. सी. स्टाफने. दिग्दर्शकही बदलले. गोष्ट तीच, माणसं तीच, पण हालचालीतली ती जान काही आली नाही. आणि २००९ मधला 'हारुही सुझुमिया'चा प्रकार तर अजब. एकच गोष्ट थोड्याफार फरकाने लागोपाठ आठ भाग! पात्रं काळाच्या फेऱ्यात अडकली आहेत तर प्रेक्षकालाही अडकवू, असा विचार. प्रत्येक भाग नव्याने चितारलेला, आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केलेले. मेहनत बघून हात जोडावेसे वाटतात, पण चौथ्या भागानंतर वाढप्याने पाचव्यांदा तीच कोशिंबीर आणली की जे होईल तेच होतं.

असो. नुसती रड नको. दुसरी पंगत पहिलीपेक्षा सरस झाल्याचीही उदाहरणं आहेत. 'मुशिशी'चं पहिलं पर्व २००५ मध्ये सुरू झालं आणि दुसरं आलं थेट २०१४ मध्ये. दिग्दर्शक तेच हिरोशी नागाहामा, स्टुडिओ तोच. मधली वर्षं जणू गेलीच नव्हती. तोच संथपणा, तीच शांतता. आणि 'विनलँड सागा' बघा. २०१९च्या पहिल्या पर्वात समुद्री लुटारू, सूड, लढाया. २०२३च्या दुसऱ्या पर्वात नायक गुलाम होऊन शेतावर येतो आणि जंगल साफ करून गहू पेरतो. चोवीस भागांतला मोठा वेळ शेतीत! लढायांसाठी आलेले काही जण उठून गेले असतील, पण जे बसून राहिले त्यांना कळलं की पहिलं पर्व ही या शेतासाठीच केलेली प्रस्तावना होती. इथे मधे स्टुडिओ बदलला होता, दिग्दर्शक मात्र शुहेई याबुता हेच राहिले. म्हणजे चूल बदलली तरी चालते, आचाऱ्याला पदार्थ कळलेला असला पाहिजे.

यावरून माझी तिसरी अपेक्षा. ही मालिका केली ट्रिगर स्टुडिओने. २०११ मध्ये गायनॅक्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढलेला हा स्टुडिओ. 'किल ला किल', 'प्रोमारे', 'सायबरपंक: एजरनर्स' ही त्यांची कामं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे की ही भडक रंगांची, आरडाओरड्याची, गगनभेदी मंडळी. त्यांनी स्वयंपाकघरातली गोष्ट हाती घेतली तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण दिग्दर्शक योशिहिरो मियाजिमा यांनी हात आवरता ठेवला. ड्रॅगनच्या लढाईत आतषबाजी केली आणि एरवी चाकूने चिरताना, वाफ निघताना, तेल चुरचुरताना जीव ओतला. यासुनोरी मित्सुदा यांनी ('क्रोनो ट्रिगर' या खेळाचं संगीत ज्यांचं) पार्श्वसंगीतही तसंच ठेवलं, जेवताना बोलता येईल इतकं. पुढच्या गोष्टीत आतषबाजीच्या जागा वाढणार आहेत. तेव्हा हा आवरता हात सुटू नये.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो. तुम्ही चाहते लोक प्रत्येक चौकट जशीच्या तशी मागता, मग मालिका काढायची कशाला? मांगाच वाचा! आक्षेप रास्त आहे. पण मी चौकटी मागत नाहीये. चित्राच्या हालचालीत, आवाजात, शांततेत अशा कितीतरी गोष्टी असतात ज्या कागदावर नसतात. सेन्शीचा हिरोशी नाका यांनी दिलेला तो जाडाभरडा, प्रेमळ आवाज मला कागदावर कधीच ऐकू आला नसता. बदल करा, दोन प्रसंग एक करा, क्रम हलवा, काही हरकत नाही. फक्त गोष्टीची भूक कशाची आहे ते विसरू नका. मोदकाची पारी तुम्ही तुमच्या हाताने वळा, पण सारण काढून नुसती उकड खायला देऊ नका.

चौथी अपेक्षा लायोसबद्दल. हा नायक म्हणून फार विचित्र माणूस आहे. प्राण्यांमधलं त्याला सगळं कळतं, माणसांमधलं काही कळत नाही. ज्या शुरोला तो जिवलग मित्र समजत होता तो तोंडावर सांगतो की मला तू कधी आवडलाच नाहीस. लायोस गोंधळतो, कारण त्याला खरोखरच अंदाज आलेला नसतो. अशी माणसं आपल्या ऑफिसात, नात्यात असतात. आपण त्यांना टाळतो किंवा त्यांची चेष्टा करतो. कुईबाई चेष्टा करतात, पण त्याला टाळत नाहीत. पुढे त्याच्या खांद्यावर जबाबदारी येत जाईल तेव्हा त्याला गुळगुळीत, भाषणं ठोकणारा वीरपुरुष करू नये. त्याचा अवघडलेपणा तसाच राहू दे. तसंच मार्सिलचं. प्रेमापोटी तिने निषिद्ध जादू केली. ते धाडस होतं की अपराध, हे मालिकेने अजून ठरवलेलं नाही. ठरवायची घाई करू नये. आपलं माणूस परत यावं म्हणून कुठवर जावं, या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

इझुत्सुमीसाठीही थोडी जागा हवी. अर्धी मांजर असलेली ही पोरगी पहिल्या पर्वात उशिरा आली. नावडतं ताटात टाकणारी, कोणाचं न ऐकणारी. सेन्शी तिच्या मागे लागतो की सगळं खायला शीक. घराघरातलं हे भांडण भुयाराच्या तळाशी, मरणाच्या दारात चालू राहतं हे मला फार आवडतं. जग बुडत असलं तरी कोणीतरी कोणालातरी "भाजी संपव" म्हणत असतंच.

राहता राहिली शेवटची गोष्ट, ती आपल्याकडची. चाहत्यांनी काय करावं? मला वाटतं, घाई करू नये. अॅनिमेतला एकेक सेकंद माणसांनी हाताने काढलेल्या चित्रांवर उभा असतो. कोणी मुख्य चित्रं काढतं, कोणी मधली भरतं, कोणी रंगवतं. उकळत्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग हलताना दाखवायला लागणारे तास मोजायला गेलो तर आपण "कधी येणार, कधी येणार" म्हणणं थोडं कमी करू. आपल्या पिढीने १९९३ मध्ये दर रविवारी दूरदर्शनवर मोगलीचं 'जंगल बुक' पाहिलं ते जपानीच होतं, निप्पॉन अॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेलं. आठवडाभर वाट पाहायची, वीज गेली तर तो भाग गेलाच. तेव्हा आपण उपाशी मेलो नाही. उलट ती वाट पाहण्याचीही एक चव होती.

अर्थात वाट पाहणं म्हणजे मिळेल ते गोड मानून घेणंही नव्हे. नाव मोठं, स्टुडिओ मोठा, म्हणून पाणचट वरणालाही वा वा म्हणायचं, हे मला जमणार नाही. ज्या मालिकेने मला अन्नाकडे नीट बघायला शिकवलं तिचंच पान मी डोळे मिटून जेवलो तर ते तिला बरं वाटणार नाही. वाईट झालं तर तसं इथेच लिहीन, चांगलं झालं तर जरा जास्तच लांबलचक लिहीन.

तोवर ज्यांनी पहिलं पर्व पाहिलेलं नाही त्यांना एक विनंती. पाहताना जवळ काहीतरी खायला ठेवा. रिकाम्या पोटी बघायची ही मालिका नाही, हे मी अनुभवाने सांगतो :-)